भूल आणि बेहोशी

आमच्या अम्मीला काही लिहून ठेवायची गरज कधी पडली नाही. कोणत्या साली कापूस काय भावानं गेला, कोणाच्या वलिम्यात मीठ जास्त झालं होतं, मोठ्या फूफीनं कोणत्या रमजानात कोणती भांडी नेली आणि त्यातली किती परत आली, सगळं तिच्या डोक्यात रकाने पाडून मांडलेलं. अब्बा मंडीत एका आडत्याकडे दिवाणजी होते. वहीतला आकडा आणि अम्मीचा आकडा जुळला नाही, तर ते मुकाट्यानं वही पुन्हा तपासायचे. नाना हाफिज होते. रमजान जवळ आला की ते दौर करायचे आणि दहा-बारा वर्षांची अम्मी समोर मुसहफ उघडून बसायची. ते कुठे अडखळले तर तिनं सांगायचं. ती म्हणते, दोनदाच अडखळले. कुठे अडखळले तेही ती सांगते.

अशा बाईच्या आयुष्यातले दीड तास आम्ही बारा वर्षं नाकारत राहिलो. त्याची ही हकीकत.

जून 2011. अम्मीच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. कारंज्यात तपासण्या झाल्या, पण दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं तर अकोल्याला न्या, असं सगळ्यांनी सांगितलं. आम्ही तेव्हा बी.एड. करत होतो. भाईजान, आम्ही आणि अम्मी सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेलो. अम्मीनं वाटेत तसबीह संपवली, मूर्तिजापूरला चहा नाकारला आणि दवाखान्याच्या पायरीवर आम्हाला घरातल्या डब्यांची यादी सांगितली. कोणत्या डब्यात काय आहे, कोणत्या डब्याखाली किती पैसे आहेत. परत येणार नाही असं धरूनच ती आत गेली.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. डॉक्टर चांगले होते, ऑपरेशनही चांगलं झालं. पोटावर चार बारीक छेद, दोन दिवसांत चालायला लागली. त्या दिवशी दहावीचा निकाल होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हा आतून एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. कोणाची तरी मुलगी पास झाली होती. आम्हीही एक पेढा घेतला. तो पेढा पुढे आम्हाला फार जड गेला.

तिसऱ्या रात्री वॉर्डात दिवे मंद झाल्यावर अम्मी हळूच म्हणाली, “बेटा, मैं सोई नै थी.”

आम्हाला वाटलं, रात्री झोप लागली नाही असं म्हणते आहे.

“वहाँ. अंदर. मैं सब सुन रही थी.”

मग तिनं सांगितलं. डोळ्यांवर काहीतरी चिकटवलेलं होतं. कोणी बाई म्हणत होती, मुलीला बयासी टक्के मिळाले, आता तिला सायन्सला घालायचं. भांड्यात चमचे टाकावेत तसे आवाज येत होते. दुखत नव्हतं, पण पोटात कोणी कणीक मळत आहे असं वाटत होतं. “मैं समझी, वक्त आ गया. कलमा पढ़ना था. जबान नै हिली. बोली, चलो, उंगली तो उठा लूं. उंगली बी नै उठी, बेटा. उंगली बी नै उठी.”

शहादतचं बोट. मरणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, तर ते एक बोट उठावं, आजूबाजूच्यांनी ते पाहावं, एवढीच आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांची शेवटची इच्छा असते. नानांचं उठलं होतं. अम्मीनं पाहिलं होतं.

आणि आम्ही काय म्हणालो? “अम्मी, भूल दी थी ना तुमको. ख्वाब देखा होगा.”

तिनं पेढ्यांचं विचारलं. आम्ही म्हणालो, पेढ्यांची गोष्ट तुम्ही नंतर वॉर्डात कोणाच्या तरी तोंडून ऐकली असेल आणि ती त्या स्वप्नाला जोडली गेली असेल. आम्ही बी.एड.चा मानसशास्त्राचा पेपर नुकताच लिहून आलो होतो. त्यात हाफिजावर दहा गुणांचा प्रश्न होता: ग्रहण, धारणा, प्रत्यावाहन, प्रत्यभिज्ञा. एबिंगहाउसनं 1885 मध्ये निरर्थक अक्षरं पाठ करून विस्मरणाचा आलेख कसा काढला, तो आम्ही पट्टीनं काढून दाखवला होता. असा माणूस आईचं ऐकतो का? भाईजान तर हसलेच. अम्मी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, त्या दिवशीची जोहर आपल्यावर कजा आहे का. आम्ही म्हणालो, आहे. ती म्हणाली, “मैं बेहोश थी ही नै तो कजा कैसी?” आणि उत्तराची वाट न पाहता तिनं ती फेडून टाकली. बसून, हातानं पोट धरून.

‘भूल’ या शब्दाशी आम्हा उर्दूवाल्यांचं जरा अवघड नातं आहे. आम्ही बेहोशी म्हणतो, म्हणजे होश गेला, एवढंच. जागेपण नाही. मराठीनं मात्र भूल म्हटलं. भूल देतात, भूल पडते, भूल उतरते. शब्दातच विसरण्याचा वायदा आहे. आणि घरात आम्ही जी हिंदी-उर्दू बोलतो, तिच्यात भूल म्हणजे चूक. ‘भूल दी थी ना तुमको’ हे वाक्य आम्ही ज्या खात्रीनं बोललो, ते पुढं तिन्ही अर्थांनी आमच्याच अंगावर उलटलं.

नंतरच्या वर्षांत अम्मी त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. आम्हाला वाटलं, विसरली. जी बाई फूफीची भांडी विसरत नाही, ती हे विसरली असं आम्हाला वाटलं, यावरून आमची सोय आम्हाला किती प्यारी होती ते कळेल. पण ती उताणी झोपेनाशी झाली. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपायची. स्वयंपाकघरात कोणी स्टीलच्या भांड्यात चमचे टाकले की हातातलं काम थांबायचं. 2019च्या सुमारास डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. गावात शिबिरं झाली, शेजारच्या बाया जाऊन आल्या, चष्मे लावून मिरवू लागल्या. अम्मी गेली नाही. आज नको, उद्या. थंडीत नको, उन्हाळ्यात तर नकोच. 2022 पर्यंत तिला मुसहफ वाचता येईना. पाठ असलेलं म्हणायची, पण समोर पान उघडं ठेवून बसायची आणि बोट ओळींवरून फिरवायची. तेच बोट.

आम्ही रागावायचो. जिद्दी आहे, म्हणायचो.

आमचे डोळे उघडले ते शाळेत. नववीच्या वर्गाला असबी निजाम, म्हणजे चेतासंस्था, शिकवत होतो. फळ्यावर मेंदू काढला होता (आमचा मेंदू नेहमी फुलकोबीसारखा निघतो आणि मुलं नेहमी हसतात). मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. ती म्हणाली, “सोते आदमी को हिलाओ तो उठता. बेहोश को काटो तो बी नै उठता. तो उसका हाफिजा उतनी देर किधर जाता?”

शिक्षकाकडे अशा वेळी एक हुकमी उत्तर असतं: कल बताएंगे. ते आम्ही दिलं. पण त्या रात्री पहिल्यांदा बसून वाचलं, मग महिनाभर वाचत राहिलो. जे हाती आलं ते त्या मुलीला सांगितलं, तसंच इथं सांगतो.

आडतदुकानात दोन वह्या असतात. दिवसभर जे येईल जाईल ते कच्च्या चिठ्ठीवर, आणि संध्याकाळी दिवाणजी ते पक्क्या वहीत उतरवतात. मेंदूतही असंच काहीसं आहे. पाहिलेलं, ऐकलेलं आधी थोडा वेळ कच्चं राहतं. ते पक्कं करण्याच्या कामात हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळणदार भाग फार महत्त्वाचा. ग्रीक भाषेत हा शब्द समुद्रघोड्यासाठी आहे, त्याचा आकारच तसा. भुलेची बरीच औषधं मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या संदेशांचा जोर वाढवतात. गंमत अशी की माणसाला पूर्ण झोपवायला जेवढं औषध लागतं, त्याहून बरंच कमी औषध दिवाणजीचं काम थांबवायला पुरतं. म्हणून ऑपरेशनपूर्वी मिडॅझोलॅमसारखं औषध दिलेला रुग्ण डॉक्टरांशी बोलतो, विचारलेल्याची उत्तरं देतो, स्वतः सरकून टेबलावर जातो, आणि नंतर शपथेवर सांगतो की आपल्याला खोलीतून कधी हलवलं ते माहीत नाही. तो खोटं बोलत नाही. चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या, वहीत उतरल्याच नाहीत.

म्हणजे जागं असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. आम्ही हे दोन्ही एकच धरून चाललो होतो.

मग ते कणीक मळल्यासारखं, आणि न उठलेलं बोट? पूर्ण भुलेत एका औषधानं काम भागत नाही. झोपेचं औषध वेगळं, वेदना मारणारं वेगळं, आणि स्नायू ढिले करणारं वेगळं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरून जागा करावी लागते, त्यासाठी पोटाचे स्नायू सैल लागतात. या तिसऱ्या जातीचं पहिलं औषध, क्युरारे, 1942 मध्ये मॉन्ट्रियलला हॅरल्ड ग्रिफिथ यांनी ऑपरेशनच्या टेबलावर वापरलं. त्याआधी भूल कमी पडली तर रुग्ण हात-पाय झाडायचा, कण्हायचा, डॉक्टर सावध व्हायचे. आता तो पडून राहतो. झोपेचं औषध एखाद्या वेळी कमी पडलं आणि ढिलं करणारं पुरेसं असलं, तर आतला माणूस जागा आणि बाहेरचा माणूस मुडदा. जबान हलत नाही, बोट उठत नाही.

यावर 1977 मध्ये टन्स्टॉल नावाच्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती वापरली. ती वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवलं. स्नायू ढिले करणारं औषध देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला रक्तदाब मोजायचा पट्टा घट्ट फुगवून बांधायचा. औषध सगळ्या अंगात जातं, त्या हातात जात नाही. तेवढा एक हात स्वतंत्र राहतो. मग कानाशी वाकून म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. 2017 मध्ये काही देशांतल्या इस्पितळांनी मिळून 260 रुग्णांवर असं करून पाहिलं. श्वासनळीत नळी घातल्यानंतर 12 जणांनी हात दाबला. दुखतंय का, याला त्यातल्या पाच जणांनी हो म्हटलं. आणि अशा प्रयोगांत हात दाबणाऱ्यांपैकी बहुतेकांना जागं झाल्यावर यातलं काहीच आठवत नाही.

एक हात मोकळा सोडला असता, तर अम्मीचं बोट उठलं असतं. हे वाक्य आम्ही त्या रात्री किती वेळा मनात म्हटलं ते सांगता येत नाही.

जे पक्क्या वहीत नसतं, ते कुठेच नसतं असंही नाही. जिनिव्हात क्लापारेद नावाच्या डॉक्टरांकडे एक बाई होत्या. त्यांच्या डोक्यात नवी आठवण टिकत नसे, रोज भेटणारे डॉक्टर रोज नवे. एकदा डॉक्टरांनी हस्तांदोलन करताना तळहातात टाचणी लपवली आणि ती बाईंना टोचली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी हात पुढे केला, तर बाईंनी आपला हात मागे घेतला. का, ते त्यांना सांगता येईना. ही गोष्ट 1911 मध्ये छापून आली. भुलेतही असं काही मागे राहतं का, हे शोधायला 1965 मध्ये दक्षिण आफ्रिकेत लेव्हिन्सन यांनी दहा रुग्णांवर एक भयंकर नाटक केलं. ऑपरेशन चालू असताना मुद्दाम मोठ्यानं बोलायचं की थांबा, रुग्णाचे ओठ निळे पडलेत. महिनाभरानं संमोहनात विचारलं, तेव्हा चौघांनी ती वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी म्हटली. नंतरच्या लोकांना इतकं साफ कधी सापडलं नाही, आणि आज कोणी असं नाटक करूही देणार नाही, देऊ नये. पण चमच्यांच्या आवाजानं थांबणारा अम्मीचा हात आम्ही रोज पाहत होतो. आमच्या घरात प्रयोग चालूच होता.

हे वाचून कोणी ऑपरेशनला घाबरून घरी बसू नये, म्हणून हिशोबही सांगतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी 2014 मध्ये एका मोठ्या पाहणीचा अहवाल काढला. रुग्णांनी आपणहून सांगितलेल्या तक्रारी मोजल्या, तर सुमारे 19,000 भुलांमागे एक अशी घटना येते. साठ-सत्तर हजारांचं आमचं सगळं कारंजा एका दिवशी भूल घेऊन झोपलं तरी तीन-चार जण. पण याच विषयावरच्या दुसऱ्या अभ्यासांत रुग्णाला जागं झाल्यावर नेमके प्रश्न विचारले, तर हजारामागे एक-दोन निघाले. म्हणजे त्याच कारंज्यात साठ ते सव्वाशे. दोन आकड्यांमध्ये एवढं अंतर का, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. आमच्यासारख्याला त्यातलं एक कारण घरबसल्या कळलं होतं: विचारलं नाही तर लोक सांगत नाहीत, आणि सांगितलं तर आमच्यासारखे लोक ऐकत नाहीत. त्या अहवालात एका माणसानं आपला अनुभव बासष्ट वर्षांनी सांगितल्याची नोंद आहे. बासष्ट वर्षं. आमची बारा त्यापुढं काहीच नाहीत, असं मनाला समजावून पाहिलं. समजलं नाही.

वाचता वाचता आम्ही हैदराबादलाही जाऊन आलो. उर्दूवाल्याला ती वाट सापडतेच. ज्या हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत सुरुवातीला धडे उर्दूतून दिले जात, तिथेच 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. लॉरी नावाचे सर्जन प्रमुख, खर्चाला सहावे निजाम मीर महबूब अली खान. निजामांनी एक हजार पौंड देऊन लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाचा तज्ज्ञ हैदराबादला बोलावला. रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई तिथे क्लोरोफॉर्म द्यायच्या, जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. तेव्हा आपला वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच होता, 1853 च्या तहानं कारभार तेवढा इंग्रजांकडे गेलेला. म्हणून थोडा अभिमान वाटून घेतला. आयोगानं कुत्री-माकडं अशी शेकडो जनावरं क्लोरोफॉर्मखाली घालून पाहिली. प्रश्न एकच: क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो की हृदय? लॉरी म्हणत, श्वासावर लक्ष ठेवा. पुढं 1911 मध्ये लेव्ही यांनी दाखवलं की हृदय आधीच दगा देऊ शकतं. पण त्या काळात झोपलेल्याला काय कळलं, काय लक्षात राहिलं, हा प्रश्नच कोणाच्या अजेंड्यावर नव्हता. जीव वाचवण्याचीच मारामार होती, त्यांना दोष कसा देणार?

आपल्याकडची दुसरी गोष्ट 12 जानेवारी 1924 ची. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना पुण्याच्या ससून इस्पितळात आणलं, कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. क्लोरोफॉर्म दिला होता. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. भारनियमन सोसलेल्या आम्हा विदर्भवाल्यांना यात नवल नाही. आमच्या मनात वेगळंच आलं. टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो अंधार जन्मभर आठवला असेल. ज्याच्या पोटावर छेद होता, त्याला तो नंतर दुसऱ्याच कोणीतरी सांगितला असेल. भुलेतला आपला वेळ असा परक्यांच्या ताब्यात असतो. त्यांनी सांगितलं तेवढा आपला. आणि अम्मीच्या बाबतीत उलटं झालं होतं. तिचा वेळ तिच्याजवळ होता, आणि आम्ही बाहेर बाकावर बसून पेढा खाणारे तिला सांगत होतो की तो तुझा नाही.

शाळेत त्या मुलीला उत्तर दिलं त्याच दिवशी घरी येऊन अम्मीजवळ बसलो. ती लसूण सोलत होती, चाचपून. म्हणालो, “अम्मी, वो अकोले की बात. तुम सच बोलती थीं.”

तिनं मान वर केली नाही. “मेरेको मालूम है.”

“हमसे भूल हुई.”

“हौ.” आणखी दोन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, “अब कायको बोल रहे?”

मग त्या हाताच्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. हात दाबून हो म्हणणारे आणि नंतर सगळं विसरणारे लोकही सांगितले. विचारलं, अम्मी, जे दुखलं पण आठवतच नाही, ते दुखलं म्हणायचं का? आम्ही या प्रश्नावर महिनाभर डोकं झिजवलं होतं. ती म्हणाली, “उनको याद नै रहा तो क्या हुआ. लिखनेवाले दोनों तो कंधों पे बैठे थे.”

मार्च 2023 मध्ये तिला डोळ्यांसाठी अमरावतीला नेलं. कसं तयार केलं ते विचारू नका, शेवटी नातीनं केलं. तिथे एक तरुण भूलतज्ज्ञ भेटले. मोतीबिंदूला पूर्ण भूल लागत नाही, नुसते थेंब पुरतात, पण आम्ही मागचं सांगितलं म्हणून ते मुद्दाम येऊन बसले. आमच्याकडे न पाहता अम्मीकडे वळले.

“मावशी, अकोल्याला झोप लागायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं?”

“छत का पंखा. बंद था.”

“जाग आल्यावर पहिलं काय?”

“इसका मुँह,” अम्मी आमच्याकडे बोट दाखवून म्हणाली.

“आणि मधलं काही आठवतं का?”

हा साधा प्रश्न आहे. असे ठरलेले प्रश्न 1970 पासून जगभर विचारले जातात, हे आम्ही वाचलं होतं. अकोल्यात कोणी विचारला नव्हता. आम्ही तर उत्तर आधीच देऊन बसलो होतो. अम्मीनं ओढणी सारखी केली आणि सांगायला लागली. पंखा, चिकटवलेले डोळे, बयासी टक्के, चमचे, कणीक, बोट. बारा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मधेच तिनं एक नवीन गोष्ट सांगितली, आम्हाला कधी न सांगितलेली: कोणीतरी तिच्या कपाळावर हात ठेवला होता, थंड हात, आणि थोडा वेळ तसाच ठेवला होता. “उसको बी मालूम नै होगा मैं जाग रही,” ती म्हणाली. “फिर बी रखा.”

डॉक्टरांनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं. म्हणाले, मावशी, हे त्याच वेळी कोणीतरी लिहून घ्यायला पाहिजे होतं. पेढ्यांची गोष्ट वॉर्डात ऐकलेली असू शकते का, असं आम्ही बाहेर आल्यावर विचारलंच. सवय जात नाही. ते म्हणाले, असू शकते. अशा आठवणींत आधीचं-नंतरचं मिसळतं. पण बोट उठलं नाही, हे त्यांना वॉर्डात कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आत नेताना नर्सबाई अम्मीचे दोन्ही हात चादरीखाली घेऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, उजवा राहू द्या बाहेर, फक्त डोळ्यापर्यंत आणू नका, मावशी. आम्ही दाराच्या काचेतून तेवढंच पाहिलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, डोळ्यावर पट्टी, आणि स्ट्रेचरवरूनच सांगायला लागली की आत रेडिओ चालू होता, एका बाईच्या घरी नळाला तीन दिवस पाणी नाही, आणि डॉक्टरांचा अजून निकाह झालेला नाही.

कारंज्याला परतल्यावर आठवड्यानं तिनं मुसहफ उघडला. नाना जिथे अडखळले होते त्या दोन जागा आम्हाला बोटानं दाखवल्या. दुसरा डोळा अजून बाकी आहे. ईदनंतर बघू, म्हणते. कोणत्या ईदनंतर, ते सांगत नाही.